तुझा डावा हात

ताई, तू गेलीस त्या सकाळीही तुझा हात चालू होता. भावोजींनी मला हे रडत रडत सांगितलं. मीही रडतच होते, पण त्या रडण्याच्या मधोमध मला पहिलं काय वाटलं असेल, तर हेवा वाटला. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तोंडावर मारतील. तुला सांगते, कारण तुला त्याचं नवल वाटलं नसतं.

सोमवार होता. उठल्याउठल्या तू नेहमीसारखी उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवलीस, "चालू हाय" म्हणालीस, मोजक्या चहाचे घोट घेतलेस, आणि दुपारी पडवीत घरच्यांसाठी भिजवलेले वाल सोलता सोलता भिंतीला टेकलीस. स्वतःला खायची बंदी असलेले वाल. सुनेला वाटलं, आईंचा डोळा लागला. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. शनिवारच्या डायलिसिसनंतर एकदम मंगळवार येतो, त्या मधल्या खाड्यात आपल्यासारख्यांच्या अंगात पाणी साठतं आणि हृदयावर फार ताण पडतो. म्हणजे हातानं तुला दगा दिला नाही. माझ्या हातानं मला दिला, तुझ्या हातानं तुला नाही.

बाहेरच्या माणसाला वाटेल, हात म्हणजे काय भाताची गिरणी आहे, चालू नि बंद व्हायला? पण ज्यांच्या घरात डायलिसिस आहे त्यांना विचारा. मशीनला रक्त धो धो लागतं. साध्या शिरेतून ते तसं येत नाही. म्हणून सर्जन मनगटापाशी धमनी आणि शीर एकमेकींना जोडून देतो. धमनीचा जोर शिरेत शिरतो, महिना-दोन महिन्यांत शीर फुगून जाड होते, आणि मग दर खेपेला तिच्यात दोन जाड सुया घालतात. एकीतून रक्त बाहेर काढायचं, दुसरीतून धुतलेलं आत सोडायचं. डॉक्टर त्याला फिस्टुला म्हणतात. तू 'जोड' म्हणायचीस. जोड चालू असला की बोटांना थरथर लागते आणि कान लावला तर आतली घरघर ऐकू येते. थरथर थांबली की जोड बंद पडला समजायचं. ज्यांच्या हाताचं जमत नाही त्यांच्या मानेतून नळी घालतात. तुला हात होता, मला नळी होती. आपल्या अलीकडच्या सगळ्या भांडणांचं मूळ एवढंच.

खरं म्हणजे मूळ त्याच्याही मागे, पाचाडात आहे. गडावर जाणाऱ्यायेणाऱ्यांसाठी बाबांची ती छोटीशी खानावळ. भाकऱ्या तू थापायचीस, पिठलं मी घोटायचे. गड उतरून आलेले लोक घाम पुसत पानावर बसायचे आणि विचारायचे, "भाकरी कुणी केली हो?" पिठलं कुणी केलं, हे आजतागायत कुणी विचारलेलं नाही. आणि बाबा कौतुकानं सांगायचे, "आमच्या सुमनच्या हाताला चव हाय." मी तिथंच चुलीपाशी बसलेली, त्याच बापाची लेक, दोन धडधाकट हात असलेली. तेव्हापासून मी तुझ्या हातावर जळते. पुढे त्या हाताला डॉक्टरही भुलतील, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं!

मग बाबांचं पोट फुगलं, पाय सुजले, खाल्लेलं उलटून पडायला लागलं आणि ते गेले. त्यांना काय झालं होतं हे आपल्याला कळलं ते फार उशिरा, आपल्या दोघींच्या सोनोग्राफीत पाण्याच्या गाठी दिसल्या तेव्हा. दोन्ही मूत्रपिंडांत, द्राक्षाच्या घडासारख्या. डॉक्टरांनी विचारलं, "वडलांना असाच त्रास होता का?" आणि आपण एकमेकींकडे बघितलं. शेत चुलत्यांकडे राहिलं, खानावळीच्या जागेवरून रस्ता रुंद झाला. बाबांनी आपल्या दोघींना अगदी सारखं वाटून दिलं ते या गाठींचं दुखणं एवढंच. चला, एकदा तरी बरोबरी झाली, असं मला वाटलं होतं. पण तुझी मूत्रपिंडं माझ्याआधी थकली आणि तिथंही तू माझ्यापुढे गेलीस.

त्यामुळे महाडच्या सेंटरवर मी पहिल्या दिवशी आले तेव्हा तू तिथली जुनी होतीस. मी हायस्कुलातली क्लार्क, लोकांना नियम सांगणारी, त्या दिवशी दारातच अडून राहिले. आमचे हे माझी पिशवी घेऊन मागे उभे. तू मशीनला लावलेली, डावा हात उशीवर ठेवलेला, त्यातून दोन लाल नळ्या निघालेल्या. मला बघून तू हसलीस. "ये गो कुंदे," म्हणालीस, "शेजारची खाट तुज्यासाठी धरून ठेवलीय. आणखी एक बाय मागत होती, मी नाय म्हटलं." एस.टी.त रुमाल टाकून जागा धरावी तशी तू माझ्यासाठी डायलिसिसची खाट धरून ठेवली होतीस. मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. तेवढ्यात संदेश, आपला टेक्निशियन, तुला म्हणाला, "सुमनमावशी, प्रेशर एक नंबर आहे आज." आणि माझं रडणं तिथंच आटलं.

तुझ्या त्या हाताचं सगळ्यांनी किती कौतुक करावं! नवा पेशंट घाबरून आला की संदेश त्याला थेट तुझ्या खाटेपाशी आणायचा. "मावशींचा हात बघा. पहिल्याच ऑपरेशनमध्ये लागला. इतकी वर्षं झाली, एकदा बंद पडलेला नाही. लावा बोट." मग तो माणूस भीत भीत बोट लावायचा, थरथर लागली की दचकायचा, आणि त्याची बायको पदर सावरून वाकून कान लावायची. दर्शनाला रांग लागावी तशी लोकं यायची. शिकायला येणाऱ्या मुलींनाही सुई टोचायला आधी तुझाच हात द्यायचे, कारण तो चुकत नाही. आणि तू! तू भाव खायचीस, ताई. नाही कशाला म्हणू? दुसऱ्यानं बोट लावलं, सुई टोचली की तू वर छताकडे बघत अशी पडून राहायचीस, की मला उठून तुझ्या अंगावरची चादर ओढावीशी वाटायची.

माझाही जोड झाला होता. त्याच सर्जननं केला, त्याच मुंबईच्या दवाखान्यात, त्याच मनगटात. शीर फुगावी म्हणून तू घरी जुन्या लुगड्याच्या चिंधीचा गोळा करून दाबायचीस, मी रबरी चेंडू आणून दाबला. तुझ्यापेक्षा जास्त वेळ दाबला. तरी तुझ्या हाताची घरघर लांबून जाणवायची, माझ्या हाताची कुजबुज. संदेश म्हणायचा, "काम होतंय की, मावशी, काम होण्याशी मतलब." ज्याला दुय्यम मिळतं त्यालाच असं समजावतात, हे मला पिठल्यापासून माहीत आहे.

मग सोनलचं लग्न आलं. माझ्या एकुलत्या एका मुलीचं. हळदीच्या आदल्या दिवशी आमच्या घरी चुडा भरायला कासारीण आली. ओटीवर चटई अंथरली, हिरव्या बांगड्यांच्या माळा सुटल्या, बायका रांगेनं बसल्या. विहीणबाईही मुद्दाम आल्या होत्या. तुझा नंबर आला तेव्हा तू उजवा हात पुढे केलास आणि म्हणालीस, "याच्यात भर. तो हात आमचा मशीनचा हाय, त्याला हात लावायचा नाय." कासारीण थांबली. ह्यांची आत्या पटकन बोलली, "अगो बाय, सवाष्णीचा एक हात मोकळा? तोही लग्नघरात?" तू अगदी सहज म्हणालीस, "मोकळा कुठं हाय आत्याबाय, त्याच्यात माजा जीव हाय." कासारणीनं निमूट उजवा हात धरला. बायकांतली एक जण हसलीसुद्धा. तुला सगळं शोभायचं, ताई. मोकळा हातसुद्धा शोभायचा.

त्यानंतर माझा नंबर होता. मी नवरीची आई. समोर विहीण, बाजूला आत्या. मी दोन्ही हात पुढे केले. तुझ्यासारखं बोलायला गेले असते तर ते तुझी नक्कल झाली असती, आणि माझ्या तोंडात ते असं रुबाबदार वाटलंच नसतं. कासारणीनं साबणाचा फेस लावला, पंजा मुडपला, आणि घट्ट मापाच्या, एकीला एक चिकटून बसतील अशा बांगड्या मनगटापर्यंत चढवल्या. सैल बांगड्या लग्नात बऱ्या दिसत नाहीत. जोडावरच्या व्रणावर पहिली बांगडी येऊन बसली तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडेच बघत होतीस. बोलली मात्र काही नाहीस.

पुढचे दोन दिवस मी लग्नघरात पळत होते. धड खाल्लं नाही, ब्लडप्रेशर खाली गेलं, हात सुजून बांगड्या रुतल्या, ते मेंदीच्या आणि हळदीच्या गडबडीत कुणाला दिसलं नाही. पूजेच्या दिवशी तू आलीस आणि आल्याआल्या माझं मनगट धरलंस. तुझी ती सवयच होती, भेटलं की लोक "कशी आहेस" विचारतात, तू थरथर बघायचीस. तुझी बोटं तिथंच थांबली. मग तू कान लावलास. मग मला न विचारता आत नेऊन एकेक बांगडी वाढवलीस, पदरात काचा गोळा केल्यास, आणि पुन्हा कान लावलास. बाहेर आरती चालू होती. आपण त्याच दुपारी मुंबईला निघालो. पण शीर आतून गोठून गेली होती. गुठळी काढायचा प्रयत्न झाला, तो फुकट गेला.

आपलं खरं भांडण हेच, आणि ते तू अर्धंच टाकून गेलीस. मी म्हणायचे, "तू मला अडवलं का नाहीस? तुला कळत होतं." तू म्हणायचीस, "तुज्या विहिणीसमोर मी बोलले असते, तर तू मला आयुष्यभर खाल्लं असतंस. ताई चार माणसांत माज्यापेक्षा शहाणी झाली, असं म्हणाली असतीस." मी म्हणायचे, "नसते म्हणाले." तू म्हणायचीस, "म्हणाली असतीस." ताई, मी म्हणाले असते. पण तरीही तू अडवायला हवं होतंस. थोरली होतीस, मी खाल्लं असतं तर खाऊन घ्यायला हवं होतंस. यावर मी आजही ठाम आहे, आणि आता तू उत्तर देऊ शकत नाहीस, याचा मला मुळीच आनंद नाही.

मग माझ्या मानेत नळी आली. उजव्या बाजूला, मानेतून आत गेलेली आणि छातीवर बाहेर निघालेली. ब्लाउजचे गळे बदलले. डोक्यावरून पाणी घेणं बंद झालं, कारण नळीच्या तोंडाशी ओल गेली की जंतू गेले. नळी जोडताना तोंडाला मास्क लावून मान दुसरीकडे फिरवायची, आणि दुसरीकडे म्हणजे डावीकडे तू असायचीस, हात उशीवर पसरून. मला दर खेपेला तुझ्या हाताचंच दर्शन. एकदा मशीन सुरू झाल्यावर मला जी हुडहुडी भरली, खाट वाजायला लागली. नळीला संसर्ग झाला होता. दात वाजत होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि तुझ्या हातात सुया, तुला उठता येईना. तू तिथूनच आरडाओरडा सुरू केलास. "अरे बघा रे तिला! जल्लं मेलं तुमचं लक्ष कुठं हाय! कुंदे, माज्याकडं बघ. बघ गो माज्याकडं." सगळे धावत आले. आणि खोटं नाही सांगत, त्या तापातही मी ऐकलं, एक नर्स म्हणत होती, "सुमनमावशी, तुम्ही हलू नका, तुमचा हात जाईल." थंडीनं मी मरत होते आणि काळजी तुझ्या हाताची!

पण तू बोलायची थांबली नाहीस. माझी थंडी ओसरेपर्यंत तू पाचाडच्या खानावळीचं कायकाय सांगत राहिलीस. तांदळाचं पीठ सांडलं होतं तो दिवस, टेंगूळ आलेला तो पाहुणा, बाबांची शिंक. मला एकही वाक्य आठवत नाही. तुझा आवाज आठवतो. त्या दिवशी मी कशाला धरून राहिले होते असं कुणी विचारलं, तर त्याला. हे मी तुला सांगितलं नाही. तू फार चढली असतीस.

ती नळी काढली, दुसरी घातली. मग एक दिवस माझा चेहरा सुजलेला बघून डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि स्पष्ट सांगितलं. नळीच्या घासण्यानं छातीतली मोठी शीर आतून अरुंद होत चालली आहे. असंच चालवलं तर एक दिवस नळीलाही वाट उरणार नाही, आणि मग डायलिसिस कुठून करायचं, हा प्रश्न येईल. डाव्या हाताच्या कोपरापाशी अजून एक शीर चांगली आहे, तिथं जोड करून घ्या, उशीर करू नका. ती शीर पुरली नाही तर कृत्रिम नळी कातडीखाली घालता येते, पण ती लवकर तुंबते, जंतूही लवकर धरते. आधी स्वतःची शीर बघू. सरळ गोष्ट होती. जगायचं असेल तर हात करून घ्यायचा.

आणि मी नाही म्हणाले. एकदा हात गेल्याची भीती होतीच. पण खरं कारण तू होतीस. तू सारखी मागे लागायचीस. "कधी करतेस? तारीख घेतलीस? अगो, माजा बघ, काय त्रास हाय का मला?" तू "माजा बघ" म्हणालीस की माझं डोकं फिरायचं. शेवटच्या शनिवारीसुद्धा तेच. सुया काढून झाल्या होत्या, तू जखमेवर बोळा दाबून बसली होतीस, रिक्षा यायची होती. तू म्हणालीस, "कुंदे, तू माज्या हातावर जळतेस, मला काय ते कळत नाय? मग जळून तरी कर. जळायचं तर नीट जळ." मी म्हणाले, "मला नको तुझ्यासारखा गाठीगाठींचा हात." तू हातावरच्या त्या फुगवट्यांकडे बघितलंस आणि म्हणालीस, "गाठी तर गाठी. चालू हाय ना?" मग पोलादपूरची गाडी मिळायला हवी म्हणून निघालीस. दारातून वळून "मंगळवारी लवकर ये, एसीच्या खालची खाट नको मला" एवढंच म्हणालीस. आपलं शेवटचं बोलणं एसीवरून झालं.

सोमवारी संध्याकाळी आम्ही पोलादपूर ओलांडून आंबेनळीच्या रस्त्यानं तुझ्या वाडीवर आलो तेव्हा मुंबईहून तुझी मुलं निघाली होती. तुला न्हाऊ घातलं, हिरवं पातळ नेसवलं, मळवट भरला. सगळ्या म्हणत होत्या, "अहेव गेली, भाग्याची." वाडीतली एक वहिनी हिरव्या बांगड्या घेऊन बसली. तिनं तुझा उजवा हात भरला आणि डावा उचलला, आणि मी ओरडले. "त्या हातात नको!"

बाहेर अंगणातल्या पुरुषांनीही माना वळवल्या. वहिनीच्या हातात बांगडी तशीच. तुझी सून रूपाली माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, आता चालतंय." तेव्हा मला कळलं की तू गेलीस. निरोप आला तेव्हा नाही, तुला बघितलं तेव्हा नाही. मी वहिनीच्या हातातून बांगड्या घेतल्या आणि तुझा डावा हात मीच भरला. मनगटापाशी त्या तुझ्या जोडाच्या फुगवट्याला अडल्या, त्याच्या पुढे गेल्या नाहीत. त्याच्या वर सुयांच्या जागांचे पांढरे ठिपके होते, एकमेकांना खेटून. इतकी वर्षं त्या हाताचं कौतुक ऐकून जळत असताना ते ठिपके मी कधी नीट बघितलेच नव्हते. बोटंही निळसर, बारीक झाली होती. धमनीचं रक्त जोडानं वरच वळवलेलं, बोटांपर्यंत कमी पोचायचं, थंडीत ती गार पडायची म्हणून तू पदरात गुंडाळून बसायचीस, आणि मला वाटायचं, ही नखरे करतेय. दोन्ही हात भरून झाल्यावर तू फार सुंदर दिसलीस. त्याचाही मला राग आला. अहेव जायच्या बाबतीत मात्र मी तुझ्याशी बरोबरी करणार नाही, आमच्या ह्यांना तसं सांगून ठेवलंय.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर रूपाली मागच्या दारी माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "मावशी, आई तुमच्याबद्दल सारख्या बोलायच्या." मी म्हटलं, काय बोलायच्या? तिनं सांगितलं, "म्हणायच्या, कुंदीचं बरं हाय. दाराशी रिक्षा, नळाला पाणी. मला दोन गाड्या बदलून जायला लागतं. आणि तिला सुया नायत. नळी जोडली की झालं, हूं की चूं नाय. मला दर खेपेला दाभण टोचतात. लहानपणापासून तिचंच बरं असतं, म्हणायच्या. पिठलं ढवळायचं काय, सावलीत बसून? भाकऱ्यांनी माजे हात भाजायचे."

ताई! तू माझ्यावर जळत होतीस! मला जे बरं वाटलं ते काय सांगू. तेराव्याच्या दिवशी, तुझ्या मागच्या दारी, मी तोंडाला पदर लावला आणि हसले. रूपालीला वाटलं मी रडते, ती माझी पाठ थोपटत राहिली. नंतर रडलेही. सुया टोचताना तू छताकडे बघत पडून राहायचीस ते भाव खात नव्हतीस, दुखायचं म्हणून. हे तू मला एकदा सांगितलं असतंस, तर मी किती खूश झाले असते. आणि कदाचित तुझा हात हातात धरला असता. पण तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही, आणि दोघी एकमेकींचं बरं चाललंय म्हणून शेजारच्या खाटेवर धुमसत राहिलो.

घरी परतताना मी ह्यांना म्हटलं, "मुंबईला फोन लावा. कोपराचा जोड करायचाय." हे गाडी चालवता चालवता माझ्याकडे बघायला लागले. "एकदम? ताई इतकं सांगत होत्या तेव्हा..." मी म्हटलं, "पुढे बघून चालवा."

आम्ही वीर स्टेशनवर रेल्वे पकडली आणि मुंबईला गेलो. हात बधिर करून ऑपरेशन झालं, मी जागीच होते. शेवटी सर्जननं स्टेथोस्कोप माझ्या कानांना लावला आणि दुसरं टोक कोपरावर ठेवलं. कुजबुज नव्हती, ताई. गाडी बोगद्यात शिरल्यावर घुमतं तसं घुमत होतं. तयार व्हायला दोनेक महिने लागतील, तोवर मानेतली नळी राहणार, आणि हा हातही बंद पडू शकतो, असं त्यांनी बजावलं आहे. बंद पडला तर पुढचं पुढे. दोन्ही हातांत बांगड्या नाहीत. आत्यांनी विचारलं तर काय उत्तर द्यायचं ते मी तुझं ऐकून ठेवलंय, पण तसं बोलणार नाही, माझं मी बोलेन.

काल मंगळवारी सेंटरवर गेले. संदेशनं नळी जोडली, मास्क काढला, आणि कोपरापाशी बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली. मग दुसऱ्या मुलाला हाक मारून त्याचीही बोटं ठेवायला लावली. म्हणाला, "कुंदामावशी, काय जोर आहे हो! वरच्या हाताची थरथर जास्त असतेच, पण ही म्हणजे... सुमनमावशींचा हातसुद्धा असा लागत नव्हता." एवढं ऐकायला मी किती वर्षं त्या खाटेवर पडून होते. ऐकलं मात्र, आणि तुझं तोंड कसं होतंय ते बघायला मी झटकन शेजारच्या खाटेकडे मान वळवली.